चौकोन दिसले तर बरंच! आफ्रिकी भाषांचा मजकूर लावताना या चुका टाळा

मजकुराच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग आली की माणूस हबकतो. खरं तर ही सगळ्यात सोपी अडचण. फॉन्टमध्ये ते अक्षर नाही, एवढंच. गूगलच्या फुकट मिळणाऱ्या नोटो फॉन्टांत इथिओपिक, न्को, वाय, तिफिनाग, आदलाम अशा सगळ्या आफ्रिकी लिपींची सोय आहे. वेबसाइट असेल तर फॉन्ट सोबतच द्या, वाचणाऱ्याच्या फोनमध्ये तो असेल असं धरून चालू नका. डोकं खातात त्या चुका निराळ्याच. त्यात मजकूर छान दिसतो आणि तरी चुकलेला असतो.

नायजेरियातली योरुबा घ्या. रोमन लिपी आहे, म्हणून आपण बेफिकीर राहतो. पण तिथे स्वराखाली टिंब आणि वर सुराची रेघ, दोन्ही एकाच अक्षराला येतात. 'ओको' शब्दातले दोन्ही ओ टिंबवाले. शेवटच्या ओवर रेघ नसेल तर अर्थ नवरा, उजवीकडे चढती रेघ असेल तर कुदळ, उतरती असेल तर गाडी. मी एकदा नावांची यादी 'स्वच्छ' करायला सगळ्या खुणा उडवणारी स्क्रिप्ट चालवली होती. मूळ फाइल जपून ठेवली होती म्हणून निभावलं.

शिवाय टिंब आणि रेघ दोन्ही असलेलं तयार अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, नाही. कोणी टिंबवाल्या ओवर रेघ चढवतो, कोणी रेघवाल्या ओला खालून टिंब लावतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, शोधायला गेलं की 'सापडलं नाही'. साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा मजकूर एनएफसी रूपात (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या जोडण्या एकसारख्या करणारं युनिकोडचं ठरीव रूप) आणा. ('दुसऱ्या'मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो आणि शोधात चकवतो, तसाच हा प्रकार. फक्त आपल्या ऱ्यपुढे एनएफसीही हात टेकतं.) रेघ सरकून शेजारच्या अक्षरावर बसत असेल तर फॉन्ट बदला. भाषांवर काम करणाऱ्या एसआयएल संस्थेचे चारिस आणि डूलोस हे फॉन्ट याच कामासाठी घडवलेत.

घाना-टोगोतल्या एवे भाषेत तर याहून गंमत. तिथला एक कॅपिटल डी, क्रोएशियनचा डी आणि आइसलँडिकचं एध हे अक्षर, तिघं हुबेहूब सारखे दिसतात. शीर्षकात कोणताही टाका, कोणाला पत्ता लागत नाही. तोच शब्द लहान अक्षरांत आला की शेपटीवाल्या डीऐवजी आडवी रेघ मारलेला डी उगवतो. कीबोर्ड एवेचाच लावा, 'दिसतंय तसं' अक्षर उचलून चिकटवू नका.

आता आदलाम. गिनीतल्या इब्राहिमा आणि अब्दुलाय बॅरी या भावांनी १९८९ मध्ये, शाळकरी वयात, पश्चिम आफ्रिकेतल्या फुलानी भाषेसाठी ही लिपी बनवली. युनिकोडमध्ये ती २०१६ मध्ये आली. ती उजवीकडून डावीकडे, जोडून लिहितात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये क्रम उलटा दिसला की डीटीपीवाले अक्षरं हाताने उलटी लावून मोकळे होतात. छापील पान बरोबर येतं, पण तीच फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की सगळं उरफाटं. दिशा आरटीएल (उजवीकडून डावीकडे) ठेवा, सॉफ्टवेअर अद्ययावत करा. अक्षरं सुटी दिसत असतील तर आधी फॉन्टचं नाव वाचा: नोटोचा एक आदलाम फॉन्ट मुद्दाम न जोडणारा आहे. अक्षरांमधलं अंतर वाढवलं असेल तरी जोड तुटतात.

स्क्रीनवर सगळं ठीक आणि सेव्ह केल्यावर प्रश्नचिन्हं, असं झालं तर मजकूर साठवणारा डेटाबेस, मायएसक्यूएल असेल तर, तपासा. त्याची अक्षरं साठवण्याची जुनी पद्धत 'यूटीएफ८' एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देते. न्कोला तेवढे पुरतात, आदलामच्या प्रत्येक अक्षराला ४ लागतात. टेबल 'यूटीएफ८एमबी४' करा, कनेक्शनचीही सेटिंग तीच ठेवा. पटत नसेल तर त्याच रकान्यात एक इमोजी टाकून बघा, त्याचीही तीच गत होईल. आधी साठलेली प्रश्नचिन्हं मात्र यानं सुधारत नाहीत. तो मजकूर पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवावा लागतो.