पुढचा ब्रेक, सैल पट्टा आणि न्यूट्रलमधला घाट: बाइकवरच्या या चुका टाळा

गाडी शिकवणारा मामा असो, काका असो की गल्लीतला दादा, पहिल्या दिवशी एक वाक्य ऐकवतोच: "पुढच्या ब्रेकला हात लावू नको, उलटशील." पोरगं ते इतकं मनावर घेतं की पुढची वीस वर्षं पुढचं लिव्हर शोभेला राहतं. नाशिकच्या मुंबई नाक्यावर समोरची रिक्षा अचानक थांबली की पाय करकचून मागच्या ब्रेकवर जातो, मागचं चाक नाचतं आणि गाडी आडवी होते. मग ऐकायला मिळतं, "ब्रेकच लागला नाही यार!"

ब्रेक लागला होता, पण चुकीच्या चाकाला. वेग कमी होताना गाडीचं आणि तुमचं वजन पुढे जातं. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. गाडी थांबवायची खरी ताकद त्या क्षणी पुढच्या चाकात असते. मागचं चाक बिचारं थोड्याशा दाबानेच लॉक होऊन घसरायला लागतं. अमेरिकेत १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या हर्ट अहवालात लॉस एंजेलिस भागातले ९०० मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले होते. तिथंही हेच निघालं: ऐनवेळी लोक मागचा ब्रेक जास्त दाबतात, चाक घसरवतात आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरत नाहीत.

मग मामा खोटं बोलत होता का? अगदी खोटं नाही. गाडी वळणात कललेली असताना, खडीवर, किंवा दिंडोरी रोडला ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरावर आणून टाकलेला असताना पुढचा ब्रेक झटक्यात ओढला, तर पुढचं चाक निसटतं आणि सावरायला वेळच मिळत नाही. दोष ब्रेकचा नाही, झटक्याचा. दोन्ही ब्रेक एकत्र लावायचे, पुढचा आधी हलका, मग वजन पुढे आलं की दाब वाढवत न्यायचा. हँडल सरळ, नजर लांब. वळणाआधीच वेग कमी करून घ्यायचा, वळणात शिरल्यावर नाही.

हे वाचून येत नाही. रविवारी सकाळी मोकळं, कोरडं पटांगण बघा आणि ताशी वीस-तीसच्या वेगात सराव करा. २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, त्याखालच्यांना सीबीएस (एकाच लिव्हरने किंवा पेडलने दोन्ही चाकांना ब्रेक लावणारी यंत्रणा) तरी असतं. पण अनेक गाड्यांचं एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं चाक तिथंही लॉक होतं. आणि सीबीएसच्या स्कूटरवर डावं लिव्हर पुढचा ब्रेकही थोडा लावतं म्हणून उजवं विसरायचं नसतं.

पुढच्या ब्रेकच्या समजुतीचाच एक चुलतभाऊ आहे: "धडक होणारच असेल तर गाडी आडवी टाकायची." कट्ट्यावर हे मोठ्या अभिमानाने सांगतात. रबराची रस्त्यावरची पकड धातू आणि प्लास्टिकपेक्षा कितीतरी जास्त असते. चाकांवर उभी असलेली गाडी ब्रेकने जेवढी मंदावते, तेवढी घासत जाणारी मंदावत नाही. आडवी टाकली की ब्रेकही गेला आणि हँडलही.

"इथंच तर जायचंय, हेल्मेट कशाला?"

सिडकोतून सातपूरला, कॉलेज रोडवरून गंगापूर रोडला. पण हर्ट अहवालातले बहुतेक अपघात अशाच छोट्या कामाच्या फेऱ्यांत, निघाल्यापासून थोड्याच वेळात झालेले होते, आणि निम्म्या अपघातांत धडकेचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आतच होता. म्हणजे आपला रोजचा वेग. हेल्मेटमुळे हॉर्न ऐकू येत नाही, बाजूचं दिसत नाही, मान मोडते, या तिन्ही तक्रारी त्या अभ्यासात टिकल्या नाहीत. अनेक अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं.

नाशिक पोलिसांनी १५ ऑगस्ट २०२१ पासून 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू केलं, तेव्हा पंपापुरतं मागून आणलेलं हेल्मेट डोक्यावर ठेवून टाकी भरणारे महाभाग दिसायचे. ते गमतीचं होतं. पट्टा न लावता रोज हेल्मेट घालणारे मात्र गमतीचे नाहीत, कारण त्यांना आपण सुरक्षित आहोत असं खरंच वाटतं. सैल हेल्मेट पहिल्या आपटीतच डोक्यावरून निघून जातं. घरी करून बघा: पट्टा लावा आणि हेल्मेट मागच्या कडेला धरून पुढे ढकला. निघून आलं तर माप मोठं आहे किंवा पट्टा ढिला आहे. उन्हासाठी स्कार्फचे जाड वेढे आणि मागे गाठ मारून वर हेल्मेट चढवलं, तरी ते नीट बसत नाही. पातळ कापड घ्या, गाठ हेल्मेटच्या आत येऊ देऊ नका. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला. आतलं थर्मोकोलसारखं अस्तर दबून धक्का शोषतं आणि एकदा दबलं की पुन्हा फुगत नाही. मागे बसणाऱ्यालाही कायदा लागू आहे, चार वर्षांवरच्या मुलालाही.

"न्यूट्रलमध्ये उतरलं की पेट्रोल वाचतं"

कसारा घाट किंवा सिन्नरकडचा मोहदरी घाट गाडी बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये उतरणारे अजून आहेत. इंजेक्शनच्या, म्हणजे इंधन इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मोजून सोडणाऱ्या हल्लीच्या गाडीत हिशेब उलटा आहे. गिअरमध्ये, थ्रॉटल सोडून उतार उतरताना इंजिन बहुतेक वेळ इंधन घेतच नाही, न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहायला थोडं घेतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत थोडं वाचेलही, पण गिअरमधलं इंजिन गाडीला मागे धरतं, तो ब्रेक गेल्यावर सगळा भार डिस्क ब्रेकच्या पॅडवर आणि ड्रम ब्रेकच्या लायनरवर पडतो. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा.

उतरताना लिव्हर नेहमीसारखं कडक आहे पण गाडी थांबत नाही, असं झालं तर लायनर किंवा पॅड तापलेत. बाजूला थांबा, निवू द्या, वर पाणी ओतू नका. लिव्हर स्पंजासारखं दबून हँडलपर्यंत येत असेल तर डिस्कच्या लाइनमध्ये हवा आहे किंवा ब्रेक ऑइल जुनं आहे. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि तापल्यावर त्यात वाफ धरते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं. ड्रमचं पेडल फार खाली जात असेल तर मेकॅनिक नट आवळून देतो, पण दर महिन्याला आवळावं लागत असेल तर लायनर संपलंय.

सायलेन्सर फोडून आवाज केला की लोक बाजूला होतात, यावर फार शाई खर्चत नाही. आवाज मागे जातो, धोका बहुतेकदा समोरून येतो.

एक पावसाळी समजूत राहिली. इगतपुरी-घोटीकडे निघायचं तर टायरची हवा कमी करायची, म्हणजे पकड वाढते. वाळूत ठीक आहे. ओल्या डांबरावर कमी हवेचा टायर पाणी नीट बाजूला सारत नाही आणि वळणात लुळा पडतो. झेब्रा पट्टे, गटाराची झाकणं आणि पहिल्या सरीत वर येणारं तेल, यांवर हवा कमी केल्याने काहीच फरक पडत नाही. तिथं वेगच कमी लागतो. कंपनीने दिलेला प्रेशरचा आकडा बहुधा चेन कव्हरजवळच्या स्टिकरवर असतो. टायर थंड असताना हवा तपासा, आणि मागे कुणी बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो, तो बघून भरा.