नवीन नोकरी आणि दोनशे पानी वही

जुलैत मी पुण्याच्या एका कंपनीत बॅकएंडला, म्हणजे अ‍ॅपच्या पडद्यामागच्या प्रोग्रॅमिंगला, लागले. काम रत्नागिरीहून, भाट्ये गावातल्या घरी, पडवीत टेबल टाकून. चार वर्षांचा अनुभव असूनही रोज स्टँडअपच्या, म्हणजे टीमच्या छोट्या मीटिंगच्या, आधी पोटात गोळा यायचा: आज यांना कळणार, हिला काही येत नाही. तुमचंही असं होत असेल, तर माझा ज्याने निभाव लागला ते सांगते.

आधी कागदाची वही करा. मीटिंगमध्ये न कळलेला शब्द डाव्या पानावर, अर्थ कळला की उजव्या पानावर, तारखेसकट. माझ्या पहिल्या दिवशी १७ शब्द जमले. त्यातले ११ त्या कंपनीने स्वतःच ठेवलेली नावं निघाली: सर्व्हिसेसची, जुन्या डेटाबेसची, रात्री आपोआप चालणाऱ्या जॉब्जची. बाहेरून आलेल्याला ती ठाऊक असणारच कशी? ते पान बघितलं आणि त्या रात्री मला नीट झोप लागली.

प्रश्न विचारायला मात्र मी फार उशीर केला. एकदा लोकल सेटअप, म्हणजे माझ्याच कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम चालवायची तयारी, चालेना. आईने जेवायला दोनदा हाक मारली, मी चार तास तशीच बसून. शेवटी सिनियरला विचारलं. एन्व्ह फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलमध्ये, एक ओळ कमी होती, आणि ती कुठेच लिहून ठेवलेली नव्हती. तेव्हापासून अर्धा तास स्वतः झगडायचं, मग विचारायचं. पण नुसतं ‘चालत नाही’ म्हणू नका. काय करायचंय, काय काय करून पाहिलं, काय व्हायला हवं होतं आणि एरर काय आली, हे लिहा. एररचा फोटो नको, मजकूर चिकटवा. कितीदा तरी हे लिहितानाच उत्तर सापडतं.

मिळालेलं उत्तर सेटअपच्या सूचनांच्या फाइलमध्ये घाला. माझी पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे टीमकडे मंजुरीला पाठवलेला बदल, तीच, एका ओळीची. अशा उणिवा नव्या माणसालाच दिसतात, जुन्यांच्या त्या अंगवळणी पडलेल्या असतात.

मॅनेजरला पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा: तीन महिन्यांनी मला काय काय जमायला हवं? उत्तर आपल्या धास्तीपेक्षा बरंच लहान असतं. पावसात लाइट जाते, कॉल तुटतो, तेही आधीच सांगून टाका.

आपण तोतये आहोत ही भावना काही आपल्या एकट्याची नाही. पॉलिन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये तिच्यावर लिहिलं, तेही कर्तबगार बायकांशी बोलून. पण झोप उडाली, जेवण जाईना, तर वहीवर भागवू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे.

परवा टीममध्ये नवीन आलेल्या मुलाने त्याच सेटअपच्या फाइलमध्ये आणखी एक ओळ घातली. रिव्ह्यू माझ्याकडे आला. मी लगेच मंजूर केला आणि खाली लिहिलं, ‘ही मलाही माहीत नव्हती.’