अग्निशमन बंबावरचं सामान: मोजणीत न दिसणाऱ्या या चुका टाळा

शिफ्ट बदलताना होज (पाण्याच्या नळ्या), ब्रँच (त्यांच्या टोकाला लावायची तोटी), बीए सेट (धुरात श्वास घेण्यासाठीचा हवेचा संच) मोजले जातात आणि लॉगबुकात सही होते. आकडा जुळतो, पण सामान जोडून, चालवून कुणी पाहिलेलं नसतं. ऐन आगीत दगा होतो तो इथेच.

सर्वाधिक त्रास सक्शनचा, म्हणजे बाहेरचं पाणी पंपात ओढणाऱ्या नळीचा. 4500 लिटरची टाकी मिनिटाला 450 लिटर सोडणाऱ्या दोन ब्रँचना पाचच मिनिटं पुरते. पुढे विहीर किंवा तळं गाठावंच लागतं. तिथे पंप पाणी ओढेना, की ऑपरेटर इंजिन रेझ करत बसतो. कोरडा पंप असा पळवला की सील जळतं. दोष बहुतेक वेळा पंपात नसतोच, कुठूनतरी हवा शिरत असते. कपलिंगमधला रबरी वॉशर चिरलेला असतो, जोड पुरता आवळलेला नसतो, नाहीतर पंपातलं पाणी काढून टाकायचा ड्रेन कॉक उघडा राहिलेला असतो. सक्शनच्या टोकाचा जाळीदार स्ट्रेनर वरवर बुडवला तर भोवरा होऊन हवा जाते, गाळात रुतला तर जाळी बुजते. सगळं ठीक असूनही पाणी येत नसेल तर खोली बघा. पाणी पंपापासून सात मीटरहून खाली असेल तर तिथे वेळ घालवू नका. दुसरा स्रोत शोधा किंवा पोर्टेबल पंप पाण्याजवळ उतरवा.

हे केंद्रातच तपासता येतं. सक्शन जोडून टोकाला कॅप लावा, सगळे व्हॉल्व्ह बंद करून प्रायमर (आतली हवा खेचून काढणारा छोटा पंप) चालवा, मग इंजिन थांबवा. व्हॅक्यूमचा काटा झरझर घसरला तर गळती आहे. ती सापडली नाही तर सक्शनमध्ये पाणी भरा. पाणी जिथून टपकेल, हवाही तिथूनच शिरते. जादा वॉशर बंबावर ठेवा आणि त्यांना ग्रीस लावू नका, रबर फुगतं.

होज ओले गुंडाळू नका, दर वेळी त्याच घडीवर दुमडूही नका. घडीवरच ते फुटतात.

बीए सेटचं मला फार वाटतं, कारण तिथे आपला माणूस धुरात असतो. 6 लिटरच्या सिलिंडरमध्ये 300 बार दाबाला 1800 लिटर हवा मावते, म्हणजे मिनिटाला 40 लिटरप्रमाणे 45 मिनिटं, तीही हवा संपत आल्याची शिट्टी वाजल्यानंतरची राखीव हवा धरून. जिना चढताना, माणूस उचलताना श्वास याहून कितीतरी जास्त लागतो. ‘200 बार आहे, चालेल’ म्हणून वापरलेला सिलिंडर परत चढवला, तर तिसरा हिस्सा हवा आधीच गेलेली असते. तो उतरवा, भरलेला लावा.

फोमचे कॅन पाहताना लेबल वाचा. साधा एएफएफएफ (इंधनावर पातळ थर पसरवणारा फोम) पेट्रोल-डिझेलवर चालतो. इथेनॉलवर त्याचा थर टिकत नाही. साखर कारखाने आणि डिस्टिलरी असलेल्या तालुक्यात अल्कोहोल-रेझिस्टंट फोमच हवा. दोन वेगळ्या प्रकारचे उरलेले फोम एकाच टाकीत ओतू नका. मिश्रण घट्ट होऊन फोम पाण्यात मिसळणारा प्रपोर्शनर तुंबतो, मग टाकीपासून नळीपर्यंत सगळं धुवावं लागतं.