लाईट गेली की पाणी, लिफ्ट, नेट सगळं एकदमच का झोपतं? एक पुठ्ठा घ्या आणि शोधा

आमची सोसायटी घोडबंदर रोडला. जनसेट म्हणजे डिझेलचा जनरेटर आहे, इंटरनेटच्या दोन लाईन आहेत, म्हणजे कमिटीच्या मते आपण एकदम सेफ. मग १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आला, सकाळी दहाच्या सुमाराला कळव्याकडच्या ४०० केव्हीच्या, म्हणजे शहराला वीज आणणाऱ्या मोठ्या लाईनी गेल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळं बंद, लोकल जागच्या जागी उभ्या. आणि आमचा जनसेट चालूच होईना! त्याच्या स्टार्टरची बॅटरी डेड, कारण बॅटरीच्या चार्जरचा एमसीबी (बोर्डावरचा सुरक्षा-स्विच) कोणीतरी कधीतरी पाडून ठेवलेला.

तेव्हापासून मी हे करतो. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्यावर एकेक वस्तूचा ठिपका काढा: पंप, पंपाचं पॅनल, लिफ्ट, जनसेट, राउटर, गेटचं ॲप, गच्चीवरचा मोबाईल टॉवर, टँकरवाला. प्रत्येकाला एकच प्रश्न, हे चालायला काय लागतं? जे लागतं तिथून याच्याकडे बाण. विजेचे बाण निळे, फोन-नेटचे लाल, बाकीचे पेन्सिलने. आणि हे सेक्रेटरीला विचारून भरू नका, वॉचमन आणि प्लंबरला विचारा, खरं त्यांनाच माहीत असतं.

आता बाण फिरून परत कुठे येतो ते बघा, खरी गंमत तिथेच आहे. आमच्याकडे जनसेटवर गच्चीवरचा टॉवर, टॉवरवर फोन, फोनवर डिझेलवाला, आणि डिझेलवर परत जनसेट! इटलीत २८ सप्टेंबर २००३ ला देशभर वीज गेली तेव्हा असंच झालं होतं, वीजकेंद्रं बंद पडल्यामुळे त्यांना सांभाळणारं कम्युनिकेशन नेटवर्क पडलं आणि ते पडल्यामुळे अजून केंद्रं बंद. हेच उदाहरण घेऊन बुल्दिरेव, हावलिन, स्टॅनली वगैरे शास्त्रज्ञ मंडळींनी २०१० साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात गणित मांडलं, की एकटं नेटवर्क हळूहळू विस्कटत जातं पण एकमेकांवर टेकलेली दोन नेटवर्कं एका मर्यादेपर्यंत तग धरतात आणि मग धाडकन बसतात.

मग बोट ठेवायचा खेळ. कुठल्याही ठिपक्यावर बोट ठेवा, तो गेला समजा, त्याच्यावाचून जे चालत नाही त्यावर काट मारा, मग त्यांच्यावाचून न चालणाऱ्यांवर, असं थांबेपर्यंत. डोळे मिटून बोट ठेवलं तर बऱ्याचदा दोन-तीनच ठिपक्यांवर काट पडते. पण सगळ्यात जास्त बाण जिथून निघतात तिथे मुद्दाम ठेवलं तर अर्धा पुठ्ठा साफ. आमच्यात तो ठिपका म्हणजे मीटर रूमची किल्ली निघाली, आणि ती एकाच माणसाच्या खिशात, तो गावाला गेला की संपलं.

'दोन आहेत' म्हटलं की नक्की खणून बघा. आमच्या नेटच्या दोन लाईन दोन वेगळ्या कंपन्यांच्या, पण गेटपासून आत एकाच पाईपातून येतात, रस्त्याच्या कामाला जेसीबी आला आणि दोन्ही एकदम तोडून गेला.

सगळे बाण तोडायची गरज नाही, परवडणारही नाही. थोडे ठिपके स्वतःच्या पायावर उभे केले तरी धाडकनचं हळूहळू होतं, हेही त्याच गणितातून नंतर निघालं. आम्ही राउटरला छोटा यूपीएस लावला, पंपाला पॅनल सोडून हाताने चालू करायची सोय करून घेतली, किल्लीची डुप्लिकेट काढली आणि डिझेल अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं.

आणि टेस्ट करा. रविवारी दुपारी, ग्रुपवर आदल्या दिवशी मेसेज टाकून, इलेक्ट्रिशियन हजर असताना कॉमन मीटरचा मेन स्विच तासभर पाडायचा आणि वही घेऊन फिरायचं. पाडायच्या आधी लिफ्ट रिकामी आहे ना तेवढं बघा, मागच्या वेळी बी विंगच्या आजी दुधाची पिशवी घेऊन आत होत्या, अजून बोलत नाहीत माझ्याशी.