क्लायंटचे पाय तपासताय? या चुका टाळा

क्लायंटने बूट काढले, ट्रेनरने वरून एक नजर टाकली आणि 'तुमचे पाय फ्लॅट आहेत' असा शिक्का मारला. जिममध्ये हे सर्रास चालतं आणि मला ते मनापासून खटकतं. पायाचा आकार वेगळा, त्याची स्थिरता वेगळी. तळव्याची कमान बसकी (म्हणजेच पाय फ्लॅट) असूनही एका पायावर घट्ट उभे राहणारे भरपूर लोक आहेत.

सुरुवातच बिघडते ती 'सरळ उभे राहा' म्हटल्यामुळे. ते ऐकताच माणूस पोझ घेतो: पावलं समांतर, गुडघे ताठ, बोटं आवळलेली. त्यापेक्षा जागच्या जागी चार-सहा पावलं टाकायला सांगा आणि पाय जसे पडतील तसं थांबू द्या. हात बाजूला, नजर समोर. तो खाली बघायला लागला की वजन पुढे सरकतं आणि तुम्हाला वेगळाच पाय दिसतो.

फक्त समोरून बघू नका. मागे बसून टाच कुठे कलते आणि घोट्याच्या बाहेरून किती बोटं डोकावतात तेही बघा. 'फूट पोश्चर इंडेक्स' या पायाची ठेवण मोजायच्या पद्धतीत सहा निकष असतात, प्रत्येकाला उणे 2 ते अधिक 2 गुण; अधिक गुण म्हणजे पाय आत झुकलेला. बेरीज 0 ते 5 आली तर पाय सामान्य धरतात. म्हणजे किंचित आत झुकलेला पाय सामान्यच असतो, त्याला दोष समजून लगेच इनसोल घ्यायला लावू नका.

बसकी कमान दिसली तर भिंतीला हात टेकवून चवड्यांवर उभं राहायला सांगा. कमान उठली, टाच आत वळली, तर पाय लवचीक आहे, कामाला लागा. तसं झालं नाही, किंवा एकच पाय अलीकडे बसत चाललाय आणि घोट्याच्या आतून दुखतंय, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवा. मधुमेह असलेल्या क्लायंटला तळव्याला बधिरपणा किंवा मुंग्या जाणवतात का, हे विचारल्याशिवाय अनवाणी व्यायाम देऊ नका.

स्थिरता बघायला थेट बोसू बॉलवर (अर्ध्या चेंडूसारख्या डळमळत्या साधनावर) चढवणं मला पटत नाही. तिथे सगळेच हलतात. कडक जमीन, अनवाणी पाय, भिंत हाताशी, एक पाय उचलून 30 सेकंद. घड्याळापेक्षा पावलाकडे लक्ष द्या. घोट्यापुढचे स्नायुबंध हलके थरथरतात, ते चालायचंच. पण अंगठ्याचं मूळ जमिनीवरून सुटतंय का? बोटं इतकी रोवलीत का की नखं पांढरी पडलीत? गुडघा आत कोसळतोय का?

'कमान उचला' ही सूचनाही उलटते, कारण माणूस पावलाच्या बाहेरच्या कडेवर जातो. टाच, अंगठ्याचं मूळ आणि करंगळीचं मूळ, तिन्ही टेकलेली राहू द्या म्हणा.

स्क्वॉटमध्येच पाय आत कोसळत असेल तर टाचेखाली वजनाची पातळ प्लेट ठेवून पुन्हा बघा. पाय लगेच सावरला तर बहुधा घोटा आखडलाय, आधी त्यावर काम करा.

पुढची तपासणी त्याच क्रमाने, त्याच जमिनीवर घ्या. लेग डेनंतर (पायांच्या व्यायामाच्या दिवसानंतर) थकलेल्या पायांची तुलना ताज्या पायांशी करू नका.