गाडीतला टचस्क्रीन तपासताना या चुका टाळा

गोव्यातल्या केरीहून चोर्ला घाट चढत होतो. पाऊस झोडपत होता आणि समोरची काच आतून धुरकटली. वारा काचेवर सोडायचं बटण टचस्क्रीनच्या दुसऱ्या पानात दडलेलं. ते सापडलं तेव्हा वळण अंगावर आलं होतं. नंतर कोणी विचारलं असतं, तर ‘दोन सेकंद पाहिलं असेल’ असं मी मनापासून सांगितलं असतं.

म्हणूनच टचस्क्रीनमुळे नजर रस्त्यावरून किती वेळ हटते, याचा निकाल चालकाला विचारून लावू नका. त्याच्या चेहऱ्यासमोर कॅमेरा लावा आणि फ्रेम मोजा. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर ६० फ्रेम म्हणजे दोन सेकंद. मोजणी नजर रस्त्यावरून सुटते तिथून धरा, स्क्रीनवर टेकते तिथून नव्हे. चाचणी सिम्युलेटरवर किंवा बंद मैदानात घ्या. पणजी-म्हापसा रस्त्यावर अजिबात नको.

मला सर्वांत जास्त सतावते ती सरासरीवर विसंबण्याची चूक. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात: एका कामात नजर एकूण १२ सेकंदांहून जास्त हटू नये, एकेका नजरेची सरासरी दोन सेकंदांच्या आत असावी आणि दोन सेकंदांहून लांब नजरा एकूण नजरांच्या १५ टक्क्यांवर जाऊ नयेत. आता समजा, कोणी आठ वेळा एकेक सेकंद पाहिलं आणि एकदा ३.८ सेकंद. बेरीज ११.८, सरासरी १.३, लांब नजर नवांत एक, म्हणजे ११ टक्के. तिन्ही कसोट्यांवर पास! पण ताशी ५० किलोमीटरने त्या एका नजरेत गाडी जवळजवळ ५३ मीटर पुढे गेलेली असते. अहवालात सर्वांत लांब नजर वेगळी लिहाच, आणि ती कोणत्या पानावर अडकली तेही.

नजर का अडकते याचं कारण शोधायला झडपेचा चष्मा उपयोगी पडतो: दीड सेकंद दिसतं, दीड सेकंद झाकतं. प्रत्यक्ष दिसण्याचा वेळ सलग केलेल्या कामाच्या वेळेपेक्षा वाढला, तर मध्येच सोडलेलं काम पुन्हा हाती घेणं जड जातंय.

ऑफिसातल्या पंचविशीतल्या पोरांवरच चाचणी उरकू नका. त्याच तत्त्वांत २४ जण चार वयोगटांत सहा-सहा घेतात, पंचावन्नच्या वरचेही.

‘बोलून चालतं, मग डोळ्यांचं काम नाही’ हेही चूक. नकाशाला ‘केरी’ असं सांगून पाहा. सत्तरी तालुक्यातली, पेडण्यातली की फोंड्यातली, हे ठरवायला स्क्रीनवर यादी उघडते. ती वाचायला गेलेली नजरही मोजा.