परतीआधीचा गराज सेल: काय मांडायचं आणि किती लावायचं

अमेरिकेतलं घर आवरून भारतात परतायचं असेल, तर गराज सेलचा, म्हणजे घरासमोर मांडून वापरलेलं सामान विकण्याचा, शनिवार निघण्याच्या किमान तीन आठवडे आधीचा धरा. अगदी शेवटी ठेवला तर उरलेलं हलवायला वेळ मिळत नाही, आणि तुम्ही घाईत आहात हे गिऱ्हाइकाला बरोबर कळतं. जाहिरात टाकण्याआधी आपल्या टाउनशिपचे नियम वाचा. बऱ्याच ठिकाणी परवाना लागतो आणि वर्षातून किती सेल करता येतील त्यालाही मर्यादा असते. एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, असेल तर तिची परवानगी वेगळी.

मग वस्तू निवडायच्या. विजेची उपकरणं आधी बघा, कारण तिथला निर्णय सोपा असतो. इथं १२० व्होल्ट, भारतात २३०. चार्जर किंवा लॅपटॉपच्या अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट छापलेलं असेल तर तो बॅगेत टाका. टोस्टर, मायक्रोवेव्ह, हेअर ड्रायर, इन्स्टंट पॉट, व्हॅक्यूम क्लीनर हे सगळं विकायचं. ट्रान्सफॉर्मर लावून तिकडे वापरू, असं घरात कोणीतरी म्हणतंच. पण १२००-१५०० वॉट ओढणाऱ्या उपकरणाला तेवढ्या ताकदीचा ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग पडतो, त्याचा खटाटोप करू नका.

आता देशी सामान. ११० व्होल्टचा (म्हणजे इथल्याच विजेवर चालणारा) मिक्सर, वेट ग्राइंडर, हॉकिन्सचा कुकर, इडलीपात्र, पोळपाट-लाटणं हे ड्राइव्हवेवर, म्हणजे घरासमोर गाडी लावायच्या जागेत, मांडू नका. शनिवारी सकाळी येणाऱ्या बहुतेक गिऱ्हाइकांना वेट ग्राइंडर कशाशी खातात तेच ठाऊक नसतं; ते पाच डॉलर देतील, तेही दगड बघून. तोच चालू ग्राइंडर महाराष्ट्र मंडळाच्या किंवा देशी व्हॉट्सॲप ग्रुपवर निम्म्या किमतीच्या आसपास मागा, फोटोत ११० व्होल्टची पट्टी दिसू द्या. घागरे आणि कुर्ते नवरात्र-दिवाळीआधी याच ग्रुपवर जातात, एरवी पडून राहतात.

काही वस्तू विकायच्याच नाहीत. सीपीएससी, म्हणजे ग्राहकोपयोगी वस्तूंची सुरक्षितता बघणारं सरकारी खातं, त्याच्या वेबसाइटवर मॉडेल नंबर टाकून रिकॉल, म्हणजे वस्तू धोक्यामुळे परत मागवली आहे का, ते तपासा. रिकॉल झालेली वस्तू विकणं बेकायदा आहे, गराज सेलमध्येसुद्धा. बाजू खाली सरकणाऱ्या पाळण्यांवर २०११ पासून बंदी आहे. फिशर-प्राइसचा रॉक अँड प्ले हा तान्ह्या बाळाचा झुलता पाळणा २०१९ मध्ये परत मागवला गेला, आयकियाचे मालम ड्रेसर (खणांची कपाटं) २०१६ मध्ये. कार सीटच्या प्लास्टिकवर मुदत छापलेली असते; ती संपली असेल किंवा सीट अपघातातून गेली असेल तर पट्टे कापून फेकून द्या, म्हणजे कोणी उचलून वापरणार नाही. जुना कॉम्प्युटर द्यायचाच असेल तर हार्ड डिस्क काढून. प्रिंटर तर फुकटातही कोणी नेत नाही.

किंमत लावताना बिल बाजूला ठेवा. सहाशेचा सोफा आहे म्हणजे तीनशे तरी यावेत, हा हिशोब ड्राइव्हवेवर चालत नाही. चालू, स्वच्छ घरगुती वस्तूला मूळ किमतीच्या १० ते २० टक्के, चांगल्या फर्निचरला २० ते ३० टक्के धरा. पेपरबॅक ५० सेंट ते एक डॉलर, कॉफीचे मग आणि ग्लास २५ ते ५० सेंट, मुलांचे कपडे एक डॉलर, मोठ्यांचे दोन. लहान मुलांचे कपडे मापाप्रमाणे गठ्ठे करून पाच डॉलरला दिले तर सुट्यापेक्षा लवकर संपतात. सगळ्या किमती २५ सेंटच्या पटीत ठेवा, नाहीतर डाइम (दहा सेंटची नाणी) मोजत बसाल.

समजा, चार खुर्च्यांचं टेबल ४०० ला घेतलं होतं. मनात ८० ही शेवटची किंमत पक्की करा आणि पाटीवर १०० लिहा. १५० लिहिलं तर लोक विचारायलाही थांबत नाहीत, आणि ८० च लिहिलं तर ५० मागतात. घासाघीस होणारच, तिच्यासाठी वीसेक टक्के जागा ठेवा. एका खुर्चीचा पाय डुगडुगत असेल तर स्क्रू आधीच आवळा. तेवढ्या एका पायावर गिऱ्हाईक वीस डॉलर उतरवून मागतं. आयकियाचं कपाट मात्र विकलं जाईपर्यंत जोडलेलंच ठेवा. भुशाच्या बोर्डातली कॅम लॉकची (फळ्या जोडणाऱ्या फिरत्या खिळ्यांची) भोकं एकदा उघडली की सैल होतात. जोडणीची ॲलन की (षटकोनी किल्ली) कपाटाला टेपने चिकटवा.

प्रत्येक वस्तूवर किंमत हवी. विचारायला संकोचणारा माणूस वस्तू खाली ठेवून निघून जातो. डाग न पाडता निघणाऱ्या निळ्या पेंटर्स टेपवर मार्करने लिहा. पॅकिंग टेप लाकडाचं व्हिनियर आणि पुस्तकाचं कव्हर दोन्ही उचकटते. एक्स्टेन्शन कॉर्ड बाहेर काढा. चालू करून दाखवलेला टोस्टर आणि ‘चालतो हो’ असं सांगितलेला टोस्टर यांच्या भावात दुपटीचा फरक पडतो.

सुटे पैसे आदल्या दिवशी बँकेतून आणा: एक डॉलरच्या ३० नोटा, पाचच्या सहा, क्वार्टरचा (२५ सेंटच्या नाण्यांचा) दहा डॉलरचा एक रोल, मिळून ७० डॉलर. डबा टेबलावर ठेवू नका, कमरेच्या पाउचमध्ये ठेवा. तीन डॉलरच्या वस्तूला शंभराची नोट निघाली तर सरळ नाही म्हणा. झेल किंवा व्हेन्मोने, म्हणजे मोबाइलवरून, पैसे घेताना समोरच्याचा स्क्रीनशॉट पुरेसा नाही, आपल्या ॲपमध्ये जमा दिसू द्या. आपल्याच वापरलेल्या वस्तू घेतल्यापेक्षा कमी किमतीला विकल्या तर त्यावर इन्कम टॅक्स नाही.

सेलच्या पाटीवर सकाळी आठची वेळ लिहिली तरी पुन्हा विकणारे सातच्या आधी टॉर्च घेऊन येतात आणि सगळं एकगठ्ठा मागतात. त्यांना छापील किमतीतच द्या, तेव्हा भाव पाडायचं काही कारण नसतं. नंतर एखादी चहाच्या कपांची जोडी स्वस्तात जाऊ दे, भवानी तर होते. दहानंतर जड फर्निचरवर घासाघीस ऐका, साडेअकराला सगळं निम्म्यात, आणि बारानंतर ‘एक पिशवी भरून तीन डॉलर’. उरलेलं पुन्हा घरात नेऊ नका. गुडविल किंवा साल्व्हेशन आर्मी या दान घेणाऱ्या संस्थांकडे त्याच दुपारी न्यायची सोय करून ठेवा. वापरलेल्या गाद्या, पाळणे, कार सीट ते सहसा घेत नाहीत, तेव्हा गादीसाठी गावाच्या मोठ्या वस्तूंचा कचरा नेणाऱ्या गाडीची तारीख आधीच घ्या. रस्त्यावरच्या पाट्या संध्याकाळपर्यंत काढा. विजेच्या खांबांवर तर लावूच नका, काही गावांत त्याचा दंड सेलच्या कमाईतून भरावा लागतो.